थंकामधील अष्टमंगल: सुटी मांडणी की कलशाकृती?

तिबेटी थंकाचित्रांत, म्हणजे कापडावर रंगवलेल्या आणि गुंडाळून ठेवता येणाऱ्या बौद्ध चित्रांत, छत्र, सुवर्णमत्स्यांची जोडी, कलश, कमळ, दक्षिणावर्ती शंख, श्रीवत्स (अखंड गाठ), विजयध्वज आणि धर्मचक्र ही आठ मंगलचिन्हे मुख्यतः दोन प्रकारे येतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक चिन्ह स्वतंत्र असते. त्यामुळे छत्र म्हणजे बुद्धाचे मस्तक, मत्स्य म्हणजे नेत्र, शंख म्हणजे वाणी आणि श्रीवत्स म्हणजे चित्त हा परंपरेने लावलेला अर्थ पाहणाऱ्याला एकेक करून उलगडता येतो. दुसऱ्या प्रकारात हीच चिन्हे एकमेकांत गुंफून त्यांचा एकच कलश घडवला जातो, आणि एकूण आकारच कलशाचा असल्याने कलशाचे वेगळे चित्र बऱ्याचदा गाळले जाते. जे चिन्ह दिसत नाही तेच उरलेल्या सातांना सामावून घेते, ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते.

सुट्या मांडणीत रेषेला मोकळीक मिळते. कलशाकृतीत मात्र चिन्हे एकमेकांना खेटून असल्यामुळे खनिज रंगांची निवड फार जपून करावी लागते, नाहीतर श्रीवत्साची अखंड गाठ शेजारच्या आकारांत हरवून जाते. नवख्या अभ्यासकाने सुट्या चिन्हांपासून सुरुवात करावी. मात्र चित्र म्हणून माझी पसंती निःसंशय कलशाकृतीला आहे.