फार देखभाल न करता वर्षानुवर्षं चालेल असं पिस्तूल: ग्लॉक १९ आणि रुगर जीपी १०० वापरून झालेलं मत

एकदाच एक हँडगन घ्यायची, ती पुढची वीस-पंचवीस वर्षं वापरायची आणि सारखं तिच्या मागे लागावं लागू नये, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. परवाना, ट्रेनिंग, लॉकर हे सगळं झालंय असं धरून चालतो. माझ्याकडे ग्लॉक १९ बरीच वर्षं आहे आणि जोडीला रुगरचं जीपी १०० रिव्हॉल्वर, त्यामुळे दोन्हीकडचं बोलता येईल.

आधी स्वतःला एकच विचारा, हे हत्यार भरपूर चालणार आहे की जास्त वेळ लॉकरमध्ये पडून राहणार आहे? सगळं उत्तर यावर ठरतं आणि लोक नेमकं हेच न विचारता ब्रँडवर भांडत बसतात. दर आठवड्याला रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी जाऊन शेकडो गोळ्या मारणाऱ्याची गरज वेगळी, आणि वर्षातून दोनदा बाहेर काढून पुन्हा ठेवणाऱ्याची गरज अगदीच वेगळी.

भरपूर चालवणार असाल तर ग्लॉक १९, मला त्यात शंकाच नाही. मूळ ग्लॉक १७ ऑस्ट्रियन सैन्यासाठी १९८२ च्या आसपास आलं, १९ हे त्याचं थोडं छोटं भावंड १९८८ चं, ९ मिमीच्या गोळ्या, मॅगझिनमध्ये (मुठीत खालून सरकवायच्या डबीत) १५ गोळ्या. फ्रेम (खालचा मूठवाला सांगाडा) पोलिमरची म्हणजे मजबूत प्लॅस्टिकची, तिला गंज चढायचा प्रश्नच नाही, आणि स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) यांचं स्टील असं कडक ट्रीट केलेलं असतं की घामाचे हात लागून, पावसात भिजून, होल्स्टरमध्ये (कमरेला लावायच्या म्यानात) घासून वरचा काळा रंग उडाला तरी खालचं स्टील सहसा गंजत नाही. पार्ट्सही कमी आहेत, तीस-पस्तीसच्या घरात, त्यामुळे बिघडायला जागाच कमी. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये जुनं ब्राउनिंग हाय-पॉवर काढून ग्लॉक १७ घेतलं आणि नॉर्वे-स्वीडनच्या सैन्यात तर ते १९८० च्या दशकापासून आहे, म्हणजे थंडी, चिखल, वाळू सगळ्यातून हे डिझाइन गेलेलं आहे.

तेलाचं सांगतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ग्लॉकला तेल लागतं ते थेंबांत. स्लाइडच्या खाचांमध्ये एकेक, बॅरलवर बाहेरून हलका हात, आणि मागच्या बाजूला जिथे ट्रिगर बार (चापाला जोडलेली पट्टी) कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याला घासतो तिथे एक थेंब, हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. बस. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, तिच्या पोकळीत तेल अजिबात सोडायचं नाही, तिथे तेल गेलं की काजळी चिकटते, थंडीत घट्ट होते आणि पिन हळू आपटते. बरेच लोक प्रेमापोटी आख्खं पिस्तूल तेलात न्हाऊ घालतात आणि मग गोळी उडाली नाही की कंपनीला नावं ठेवतात.

आता खटकणारं पण सांगायला हवं. साफसफाईसाठी ग्लॉक उघडायचं म्हणजे आधी चाप (ट्रिगर) ओढावा लागतो, आणि ही गोष्ट मला आजही आवडत नाही. म्हणून क्रम कधीच चुकवायचा नाही: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी बसते तिथे) डोळ्याने बघायचं आणि बोट घालूनही चाचपायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी सुरक्षित दिशेला, आणि मगच चाप. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं, एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असू शकते. दुसरं म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या साइट्स (नेम धरायच्या खुणा), त्या होल्स्टरमध्ये घासून झिजतात, दीर्घकाळ ठेवायचं असेल तर पहिल्याच दिवशी स्टीलच्या बसवून घ्या.

आता जीपी १००. हे १९८५ चं डिझाइन, .३५७ मॅग्नम काडतुसांसाठीचं, त्यात कमी जोराचं .३८ स्पेशल काडतूस पण चालतं, सहा गोळ्या. चार इंची नळीवालं वजनाला एक किलोच्या वर जातं, रोज कमरेला लावायला जड आहे हे खरंच, पण त्याच वजनामुळे ते टिकतं. फ्रेमला बाजूची प्लेट नाही, सलग धातू आहे, आणि सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरणारं चाक) पुढूनही लॉक होतो, म्हणून जोरदार गोळ्या वर्षानुवर्षं मारल्या तरी ढिलं पडायला फार वेळ लागतो. स्टेनलेसवालं घ्या. स्टेनलेसलाही गंज लागतो, फक्त उशिरा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

जे पडून राहणार आहे त्यासाठी माझं मत रिव्हॉल्वरच. महिनोन् महिने हात लावला नाही तरी चाप ओढला की सिलिंडर फिरतो, गोळी नाही उडाली तर पुन्हा ओढला की पुढची गोळी समोर येते, आणि पिस्तुलासारखं स्लाइडला मागे ढकलण्यासाठी काडतुसात पुरेसा जोर असलाच पाहिजे असंही नाही. पण रिव्हॉल्वर काहीही सहन करतं हा समज चुकीचा आहे. ते नुसतं पडून राहणं सहन करतं, घाण सहन करत नाही. पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या) बाहेर ढकलणारी जी चांदणीसारखी पट्टी असते तिच्या खाली न जळलेल्या दारूचे चार कण जरी अडकले तरी सिलिंडर नीट बंद होत नाही, किंवा झाला तर चाप दगडासारखा लागतो. यावर साधा उपाय आहे, पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे धरायची आणि त्या पट्टीला ढकलणारा सिलिंडरपुढचा दांडा एकदाच जोरात दाबायचा, कचरा खाली पडून जातो. आणि जुन्या टूथब्रशने तिथे एक हात मारायचा, एवढीच काय ती देखभाल.

बाकीची नावं थोडक्यात. बेरेटा ९२ चालतं फार गोड, पण खूप गोळ्या झाल्यावर त्याचा लॉकिंग ब्लॉक (गोळी उडताना नळी-स्लाइड जोडून धरणारा तुकडा) तडकू शकतो, तो वेळेत बदलावा लागतो. सीझेड ७५ हातात सगळ्यात छान बसतं, स्टीलचं आहे, तेल पुसण्याची सवय असेल तर जरूर घ्या. १९११ या जुन्या अमेरिकन पिस्तुलावर माझंही प्रेम आहे पण त्याच्या एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ताण बरोबर ठेवावा लागतो आणि पार्ट अनेकदा घासून बसवावे लागतात, त्यामुळे कमी देखभालवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरं तर कुठलंही चांगलं पिस्तूल मरत नाही, त्याच्या स्प्रिंगा मरतात. नव्या पिढीच्या ग्लॉकची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) ५,००० गोळ्यांच्या आसपास बदलावी असं सर्रास सांगतात. तपासायची असेल तर पिस्तूल पूर्ण रिकामं आहे याची खात्री करून नळी वर धरा, चाप ओढून तसाच दाबून ठेवा, स्लाइड मागे ओढा आणि हळूहळू पुढे सोडा. स्लाइड शेवटपर्यंत जाऊन बसली तर स्प्रिंग ठीक, मधेच अडकली तर बदला. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग जाते असं सगळे म्हणतात, पण ती खरी थकते ती सारखी भरून-रिकामी केल्याने.

लॉकरमध्ये ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं धातू खातात, पितळी पुंगळ्यांवर हिरवं चढतं ते त्यामुळेच. सिलिका जेलची पुडी टाका आणि ती अधूनमधून बदला. आणि जुन्या लष्करी साठ्यातली स्वस्त काडतुसं मिळाली तर सांभाळून, त्यांच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टिकलीतून) नळीत क्षार राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत गंज दिसायला लागतो. तो नुसत्या तेलाने जात नाही, आधी पाण्याने धुवावं लागतं, मग कोरडं करून तेल.

घेतानाच तीन-चार ओरिजिनल मॅगझिन आणि एक जादा रिकॉइल स्प्रिंग सोबत घ्या, आणि मॅगझिनच्या बुडाला पेंटने नंबर टाका. गोळी अडकली की बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा असतो, नंबर असला की कुठलं बाजूला काढायचं ते लगेच कळतं.