अपघातानंतर भाड्याची गाडी देणारं ॲड-ऑन: रक्कम नंतर, आधी दिवस मोजा

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्यात, भाड्याच्या गाडीचा खर्च सहसा नसतो. पॉलिसी ठोकलेली गाडी दुरुस्त करून देते. तोवर तुम्ही कशाने फिरायचं, हा तिचा प्रश्न नाही. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून पॉलिसीला जोडलेलं संरक्षण, लागतं, तेही अपघाताआधी घेतलेलं. घरात एकच गाडी असेल तर ते जरूर घ्यावं. दुसरी गाडी दारात उभी असेल तर प्रीमियम वाया.

विकताना दिवसाला किती मिळणार तेवढंच ठळक सांगतात. खरी गोम दिवसांच्या मोजणीत आहे. समजा मर्यादा 10 दिवसांची आणि त्यातले पहिले 3 वजा. सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) येऊन मंजुरी मिळेपर्यंत 3 दिवस गेले, दार मागवलं ते यायला 9, पत्रा आणि रंगकामाला 6. गाडी 18 दिवस अडकली. गाडी जमा केल्यापासून मोजणी असेल तर 7 दिवसांचे पैसे मिळतील. फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस धरणारी पॉलिसी असेल तर 6 मधून 3 गेले, उरले 3! सुट्या भागांची वाट पाहण्यात गेलेले दिवस धरतात का, हे विकत घेतानाच लेखी विचारा.

टोटल लॉसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्त करणं परवडण्यापलीकडे गेलं तर, अनेकदा आणखी चिमटा बसतो. कंपनीने भरपाईचा आकडा कळवला की थोड्याच दिवसांत भाडं बंद. पैसे खात्यात आले नसले तरी. इंजिन बिघाड, सर्व्हिसिंग यांसाठी हे ॲड-ऑन नसतंच.

या ॲड-ऑनचे प्रकार तीन. रोजचा ठरावीक भत्ता सगळ्यात सुटसुटीत, कारण टॅक्सीने फिरलात तरी चालतं. बिलावर परतावा देणाऱ्यात भाड्याची पावती, करारपत्र आणि वर्कशॉपचं जॉबकार्ड (दुरुस्तीच्या कामाची नोंद) जुळावं लागतं. कंपनीच गाडी देते तो प्रकार ऐकायला छान, पण बहुधा त्यांच्याच यादीतल्या वर्कशॉपसाठी, आणि गाडी मिळते ती लहान. सात माणसांच्या कुटुंबाला तिचा काय उपयोग?

इंधन, डिपॉझिट, टोल, भाड्याच्या कंपनीने माथी मारलेला नुकसान-माफीचा हप्ता (गाडीला काही झालं तर भरपाई मागू नये म्हणून घेतलेली रक्कम), हे बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून. आणि भाड्याची गाडीच ठोकली तर? तुमची पॉलिसी तिला लागू होते का, हे कंपनीगणिक आणि देशागणिक बदलतं. लागू झाली तरी ती गाडी बंद राहिल्याचं नुकसान भाडेवाला वेगळं मागू शकतो, आणि ते अनेकदा पॉलिसीत बसत नाही. ताब्यात घेताना चारही बाजूंचे, टायरचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा.

चूक समोरच्याची असेल तर अनेक ठिकाणी त्याच्या विमा कंपनीकडून भाडं मागता येतं. पण चूक कोणाची हे ठरेपर्यंत ती पैसा सोडत नाही. म्हणून आधी आपलं ॲड-ऑन वापरावं, मर्यादेपलीकडच्या दिवसांच्या पावत्या जपाव्यात आणि तो फरक समोरच्याकडे मागावा.

वर्कशॉपने तारीख पुढे ढकलली तर नवी तारीख कारणासह त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मर्यादा संपायच्या आधीच क्लेम नंबर टाकून विमा कंपनीला मुदतवाढीचा मेल करा. फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर भाडं चालू ठेवू नका.