पेप्पोली कियांती क्लासिको: नाशिकच्या उकाड्यात ही इटालियन रेड कशी प्यावी

नाशिकच्या रेड वाइनवर जीभ तयार झालेल्यांना इटलीतल्या अंतिनोरी या वाइन घराण्याच्या पेप्पोलीचा पहिला घोट आंबट आणि जरा पातळ लागतो. आपल्याकडची शिराझ किंवा कॅबर्ने भरगच्च, पिकल्या फळाची असते, कारण इथली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना तयार होतात. कियांतीच्या टेकड्या फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या. तिथलं सांजोवेझे हे वाण उशिरा पिकतं, तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते आणि रात्री गार असल्याने द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. तो आंबटपणा या वाइनचा कणा आहे. त्यालाच दोष समजून बाटली बाजूला सारली तर पैसे वाया जातात, आणि आयात शुल्क धरून ते काही थोडे नसतात.

अंतिनोरी घराणं १३८५ पासून वाइनच्या व्यवसायात आहे; पेप्पोलीचा पहिला हंगाम १९८५ चा. पेप्पोली ज्या प्रकारात मोडते त्या कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे असावं असा नियम आहे, पेप्पोलीत ते ९० टक्क्यांच्या आसपास असतं आणि उरलेला भाग मर्लो व सिरा (म्हणजेच शिराझ) या द्राक्षांचा. वाइन मुरते ती मुख्यतः स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांत. पिंप मोठं म्हणजे लाकडाचा स्पर्श कमी, म्हणून व्हॅनिलाचा वास मागे राहतो आणि फळ पुढे येतं. हे आम्हाला मनापासून आवडतं.

दुकानात आधी बाटलीचा गळा बघा. क्लासिकोच्या गळ्यावर किंवा मागच्या लेबलवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. नुसतं ‘कियांती’ लिहिलेली बाटली वेगळ्या, मोठ्या पट्ट्यातली असते आणि तिच्यावर हा कोंबडा नसतो. मग बूच बघा. ते काचेच्या कडेच्या वर आलेलं असेल, वरचं आवरण चिकट असेल किंवा वाइनची पातळी गळ्याखाली उतरली असेल, तर बाटलीने उष्णता खाल्ली आहे. दुकानाच्या उन्हाकडच्या काचेत मांडून ठेवलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. ही वाइन दहा वर्षं ठेवण्यासाठी नाही. लेबलवरच्या हंगामापासून पाच-सहा वर्षांच्या आतली घ्यावी.

आता खरा मुद्दा, तापमान. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक आहे. नाशिकच्या एप्रिलमधल्या खोलीत बाटली ३० अंशांवर असते. तेवढ्या गरम वाइनमधून अल्कोहोल आधी नाकात जातं, फळाचा वास त्याखाली दबतो आणि आंबटपणा सुटा सुटा लागतो. पेप्पोली १६ ते १८ अंशांवर हवी. त्यासाठी फ्रीजमध्ये साधारण दीड तास ठेवा. घाई असेल तर पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन बाटली गळ्यापर्यंत दहा-बारा मिनिटं बुडवा; नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, म्हणून ती हळू गार होते. उलट रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली बाटली लगेच ओतू नका. गारठ्यात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं तुरट द्रव्य, कडवट लागतं आणि वास बंद होतो. अर्धा तास बाहेर ठेवा. ग्लासात एका वेळी १०० मिलिलिटरच घ्या, कारण आपल्या हवेत ती ग्लासातच तापते. बाकीची बाटली गार पाण्यात असू द्या.

ग्लास पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता हवा. पांढऱ्या कागदावर तिरका धरला की लाल माणकासारखा आरपार रंग दिसतो. सांजोवेझेची साल पातळ, म्हणून इथल्या शिराझसारखा गडद जांभळा रंग शोधू नका. कड तपकिरी आणि वास शिळा असेल तर मात्र वाइन उतरली आहे. ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग हलवून पुन्हा. आधी आंबट चेरी येते, मग व्हायोलेटची फुलं आणि शेवटी थोडी वाळलेल्या औषधी पाल्याची छटा. सर्दलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, वाट पाहून जात नाही. मनुका शिजवल्यासारखा वास येत असेल तर बाटली वाटेत कुठेतरी तापली. घोट पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा. जबड्याच्या कडांना पाणी सुटलं की ते आम्लाचं काम, हिरड्या कोरड्या पडल्या की ते टॅनिनचं. मर्लोमुळे ते टॅनिन इथे मऊ आहे. चव मात्र फार लांब टिकत नाही. रिझर्व्हा किंवा ब्रुनेल्लो या जास्त काळ मुरवलेल्या सांजोवेझेंची खोली या बाटलीकडे मागू नये.

ही जेवणाबरोबरची वाइन आहे. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनची धार बोथट करतात, म्हणून सुकं मटण हिच्याबरोबर फार छान जमतं, पण तिखट निम्म्यावर आणा. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, ठेचा, मिसळ यांच्याबरोबर नको: मिरचीने अल्कोहोल जाळतं आणि टॅनिन कडू होतं. शाकाहारी ताटात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत घ्या, हिरवी मिरची अगदी नावाला आणि शेंगदाण्याचं तेल सढळ. टोमॅटोची आमटीही चालते. टोमॅटोच्या आंबटपणापुढे बहुतेक रेड फिक्या पडतात, सांजोवेझे पडत नाही.

तुलना करायची असेल तर अकलूजच्या फ्रतेल्ली कंपनीची ‘सेत्ते’ ही रेड शेजारी ठेवा. तिच्यात सांजोवेझेबरोबर कॅबर्ने सोव्हिन्यों आहे. दोन्ही एकाच तापमानाला, एकसारख्या ग्लासात घ्या, आणि पेप्पोली आधी चाखा. नंतर घेतली तर ती आहे त्याहून हलकी वाटते.

उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बहुधा अधिक मोकळी लागते, तिसऱ्या दिवसानंतर फळ उडून जातं. खरेदी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मे महिन्यात बंद टेम्पोतून आलेल्या बाटलीचं आत काय झालंय, ते लेबलवरून कळत नाही.