हेतूंची तपासणी: एकांतात की जाणत्यासमोर?

नाशिकच्या शरणपूर भागातील एका तरुणाला त्याच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर घेऊ इच्छितात. आपल्याला सेवा हवी आहे की मान, हे एकट्याने प्रार्थनेत तपासावे की जाणत्या वडीलधाऱ्यापुढे मांडावे, हा त्याचा पेच आहे.

वेळेच्या दृष्टीने एकांत सोयीचा आहे. सोळाव्या शतकातील ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतील दिवसाच्या आढाव्याला १५ मिनिटे पुरतात. गुप्ततेतही तोच सरस, कारण लहान मंडळीत बोललेले बाहेर फुटायला वेळ लागत नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, हे बायबलमधल्या मत्तय ६ मधील वचन काही जण इथे पुढे करतात; ते दानाविषयी आहे, दोष झाकण्याविषयी नव्हे.

प्रामाणिकपणात मात्र पारडे फिरते. नाताळच्या कार्यक्रमात आभार मानताना आपले नाव राहून गेले आणि मन आठवडाभर धुमसत राहिले, तर एकांतात आपण त्याला ‘शिस्तीचा प्रश्न’ म्हणून मोकळे होतो. जाणता माणूस मात्र ‘नाव घेतले असते तर शिस्त आठवली असती का?’ असे विचारतो आणि पळवाट उरत नाही.

लहानसहान सेवा करणाऱ्याला एकांत पुरेसा आहे. पद, पैसा आणि माणसे हाताखाली येणार असतील, तर आपल्या मंडळीबाहेरचा वडीलधारा गाठावा.