ज्येष्ठांचं ‘किडनी पॅकेज’: ओळी भरपूर, नेमक्या दोन गायब

‘साठीपुढच्यांसाठी किडनी प्रोफाइल’ या नावाने लॅब जे पॅकेज देतात, त्यात साधारण हे असतं: क्रिएटिनिन, युरिया, बीयूएन (रक्तातल्या युरियातला नायट्रोजन), त्यांचे रेशो, युरिक ॲसिड, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिन रुटीन. जाहिरातीत चाचण्यांचा आकडा भरघोस दिसतो, पण तो थोडा फुगवलेला असतो. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो आणि रेशो म्हणजे निव्वळ भागाकार. चाचणी एकच, रिपोर्टात ओळी तीन. युरिक ॲसिड गाऊटसाठी बघावं. किडनी किती गाळते हे त्यावरून ठरत नाही.

पॅकेजचा कणा म्हणजे क्रिएटिनिन, आणि म्हातारपणी नेमकं तेच चकवतं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. वयानुसार स्नायू झिजले की ते कमी बनतं, त्यामुळे किडनी मंदावलेली असतानाही आकडा ‘नॉर्मल’च राहतो. रिपोर्टावर छापलेल्या नॉर्मल रेंजमध्ये वयाचा हिशोब नसतो. क्रिएटिनिन १.० घ्या. ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला अंदाज. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ३० वर्षांच्या बाईचा ईजीएफआर साधारण ७८ येतो, ७८ वर्षांच्या बाईचा ५८. रक्तातला आकडा तोच, तरी दुसरी ६० च्या खाली, म्हणजे जुनाट किडनीविकाराची शंका घेण्याच्या हद्दीत गेली. म्हणून ज्या रिपोर्टात ईजीएफआर छापलेला नाही, तो ज्येष्ठांसाठी अर्धवटच समजावा. छापलेला असेल तर कोणत्या सूत्राने काढलाय तेही तिथेच लिहिलेलं हवं. काही ठिकाणी अजून जुनी सूत्रं चालतात, आणि सूत्र बदललं की आकडा उगाच वरखाली झालेला दिसतो.

इथेच पहिली उणीव: सिस्टॅटिन सी. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू किती आहेत याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. वरच्याच ७८ वर्षांच्या बाईंचं सिस्टॅटिन सी १.४ आलं, तर त्यावरून काढलेला ईजीएफआर ४३ च्या आसपास येतो आणि दोन्ही मिळून काढलेला ५१. क्रिएटिनिनवरून ५८ आणि सिस्टॅटिनवरून ४३ एवढी तफावत असेल, तर अंगावर मांस कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिनवर विसंबू नये. हृदयविकार आणि मृत्यूचा धोका ओळखण्यातही ६५ वर्षांपुढच्या लोकांत सिस्टॅटिन सी क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरलंय. उलट, अगदी अशक्त माणसाचा क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर ‘झकास’ दिसला तर ती किडनीची शाबासकी नसते, स्नायू गेल्याची खूण असते. मात्र स्टेरॉइड चालू असेल, थायरॉइड ताळ्यावर नसेल, लठ्ठपणा, धूम्रपान किंवा अंगात दाह असेल तर सिस्टॅटिनही फसवतं. दरवेळी करायची गरज नाही; एकदा करून क्रिएटिनिनशी ताडून पाहावं.

दुसरी उणीव जास्त खटकते, कारण ही चाचणी साधी आहे: लघवीतला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन)-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. पॅकेजमधल्या युरिन रुटीनमध्ये पट्टी बुडवून प्रोटीन बघतात. थोडं अल्ब्युमिन पट्टीला कळत नाही आणि भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची पातळ लघवी हमखास ‘निल’ येते. एसीआरमध्ये लघवीच्या पातळपणाची भरपाई आपोआप होते. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या पुढे जास्त. ईजीएफआर ५० पण एसीआर १०, आणि ईजीएफआर ५० पण एसीआर ४००, या दोघांचं भवितव्य फार वेगळं असतं. पॅकेज मात्र दोघांना एकाच रकान्यात बसवतं.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी जबर व्यायाम झाला असेल तर थांबावं, नाहीतर एसीआर खोटा वाढतो.

घरी येऊन रक्त नेण्याची सोय ज्येष्ठांना बरी पडते, पण पोटॅशियमचा घोळ तिथेच होतो. दंडाला पट्टा आवळून मूठ उघडझाप करायला लावली, किंवा न वेगळं केलेलं रक्त तासन् तास बॅगेत राहिलं, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि ५.८ सारखा घाबरवणारा आकडा छापला जातो. नमुना ‘हिमोलाइझ्ड’ (रक्तपेशी फुटलेला) असल्याची टीप रिपोर्टावर आहे का ते बघा. असेल तर आधी पुन्हा तपासणी. टीप नसेल तर आकडा खरा धरून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

रक्त देण्याआधी उपाशीपोटी कोरडं राहू नये, पाणी प्यावं. आदल्या रात्री मांसाहाराचं जड जेवण नको, क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक घेत असाल तर सांगा. त्याने गाळणी न बिघडताही क्रिएटिनिन वाढतं.

रिपोर्ट हाती आल्यावर औषधांच्या यादीशी जुळवायचा असतो, आणि हे काम कोणतंच पॅकेज करत नाही. ईजीएफआर ३० च्या खाली मेटफॉर्मिन बंद करतात, ३० ते ४५ मध्ये डोस कमी करतात. बीपीची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातली गोळी, लघवीची गोळी आणि वरून गुडघेदुखीसाठी पेनकिलर, हे त्रिकूट म्हाताऱ्या किडनीला एका जुलाबाच्या आजारात खाली आणू शकतं. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ नव्याने सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी चालू ठेवतात. आपल्या मनाने बंद करू नये.

आमच्या मते पॅकेज सोडून सुट्या चाचण्या सांगाव्यात: ईजीएफआरसह क्रिएटिनिन, एसीआर, पोटॅशियम आणि एकदाच सिस्टॅटिन सी. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० च्या वर आला तरी एका रिपोर्टावरून जुनाट आजाराचा शिक्का बसत नाही, बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. दुसरी तपासणी त्याच लॅबमध्ये करा. क्रिएटिनिन मोजायला कुठे जाफे पद्धत वापरतात, कुठे एन्झायमॅटिक. निव्वळ त्यामुळेही ०.१ चा फरक पडू शकतो.