स्टिकरखालचं बिस्किट

मी एसटीत कंडक्टर आहे. दारव्हा-यवतमाळ हा नेहमीचा रूट. बारा वर्षं लोकांच्या थापा ऐकते आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला "अकराचाच आहे बाई" म्हणत हाफ तिकीट मागणारी माय, आधारकार्डावर जन्मसाल खोडून पंच्याहत्तरीचा झालेला बाबा, सगळे चेहऱ्यावरून ओळखू येतात. आणि मला एका दुकानदाराने अडीच महिने फसवलं. दर पंधरा दिवसांनी, माझ्याच हातून पैसे घेऊन. आमच्या भागात माझ्यासारख्या आणखी आया असतील, त्यांनी तरी सावध व्हावं म्हणून लिहिते आहे.

लेक आठ वर्षांची. सहाव्या वर्षी तिचं वजन १४ किलो होतं. पोट घागरीसारखं, हातपाय काड्या. गावात कोणी जंत म्हटलं, कोणी नजर म्हटली, सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी केली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय (मोहरीची राई नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे तिच्या आतड्याच्या आतले बारीक अंकुर झिजून जातात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. ही तीन धान्यं जन्मभर बंद. आतडं झिजलं की दुधातली साखरही पचत नाही, म्हणून दूध आणि दुधाचं सगळं, आतडं भरून येईपर्यंत तेही बंद.

जेवणाचं निभलं. आम्ही जवारीच्या मुलखातले. रेशनचा गहू आला तशी घरोघरी पोळी आली, पण सासूबाईंची भाकर सुटली नव्हती. त्रास झाला तो चक्कीचा. आधी कोणाचा गहू दळलेला असला की आमच्या जवारीत तो उतरायचाच. चक्कीवाल्या काकांना सांगून सकाळचं पहिलं दळण आमचं लावलं, पण आदल्या रात्रीचं पीठ दगडात बसलेलंच असतं. शेवटी किस्तीवर छोटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा घालायचा नाही असा घरात कायदा केला.

खरी अडचण खाऊची. शाळेत कोणाचा वाढदिवस असला की दहा रुपयांचा बिस्किटपुडा वाटतात. आमची पोरगी तो घरी आणून लहान भावाला द्यायची आणि तो खाताना त्याच्याकडे पाहत बसायची. ते बघवत नव्हतं.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून जाहीर केलं, आपल्याच सरकारच्या प्रस्तावावरून. त्यानंतर जवारी-नाचणीला अचानक भाव आला. ज्या भाकरीला पाहुण्यांसमोर ठेवायला लाजत होतो, ती 'मिलेट' होऊन काचेच्या कपाटात बसली. यवतमाळात बस लागल्यावर मला पाऊण तास मोकळा असतो. तिथल्याच एका मोठ्या किराणा दुकानात 'हेल्थ' लिहिलेली फळी दिसली आणि तिच्यावर ज्वारी कुकीज. पारदर्शक डबा, २०० ग्रॅम, १८० रुपये. वर हिरवं गोल स्टिकर: ग्लुटेन फ्री, डेअरी फ्री, शुगर फ्री.

मी विचारलं नाही असं नाही. तीनदा विचारलं.

"भाऊ, ह्याच्यात गहू नाही ना?"

"ताई, मैदा अजिबात नाही."

"मैदा नाही, गहू?"

"शंभर टक्के जवारी. डायबेटीसवाले नेतात, डॉक्टर लोक नेतात. तुम्ही बिनधास्त न्या."

आता आठवलं की कळतं, गव्हाचं उत्तर त्याने दिलंच नव्हतं. बसमध्ये "तिकीट काढलं का?" विचारलं की "मागूनच चढलो ना" म्हणणारे असतात, त्यातला प्रकार. पण पोरीचं तोंड डोळ्यासमोर होतं. दोन डबे घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, "मशीन बंद आहे ताई, पुढच्या वेळी देतो." मी, जिच्या मशीनमधून दिवसाला तीनशे तिकिटं निघतात, ती गप्प बसले.

पहिलं बिस्किट तिने कडेकडेने कुरतडत खाल्लं. संपू नये म्हणून. मग शाळेत डबा घेऊन गेली आणि तिने स्वतः पोरांना वाटलं. संध्याकाळी मला म्हणाली, "आई, आज मी वाटलं." त्या एका वाक्यापायी मी पुढचे अडीच महिने डबे आणत राहिले.

सासूबाईंना सुरुवातीपासून खटकत होतं. त्यांनी अर्धं बिस्किट खाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हे जवारीचं नाही वो. जवारी अशी गुमान बसत नाही, भुगा होते तिचा. अन दुधाच्या पावडरीचा वास येऊन राहिला." मी म्हटलं, फॅक्टरीत काहीतरी घालत असतील. एवढं शिकलेली मी, आणि खरं ओळखलं अंगठा लावणाऱ्या बाईने.

दीड महिन्याने पोट फुगायला लागलं. मग जुलाब. मग चिडचिड, शाळेत बाकावर डोकं टेकून झोपणं. पावसाळा होता म्हणून आम्ही पाण्याला दोष दिला, पाणी उकळून देऊ लागलो. नागपूरला तपासणीची तारीख होतीच. टीटीजी पुन्हा चढलेलं, म्हणजे ग्लुटेन कुठूनतरी पोटात जात होतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "मागच्या दोन-तीन महिन्यांत नवीन काय सुरू केलं?" मी मोठ्या उत्साहाने बिस्किटाचं सांगितलं. ते म्हणाले, "डबा पाहिलात का नीट?"

डबा घरी होता. रात्री ड्युटीवरून आल्यावर दिव्याखाली धरून पाहिला. त्या गोल स्टिकरशिवाय डब्यावर काहीच नव्हतं. साहित्याची यादी नाही, कोणी बनवलं ते नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. नखाने स्टिकरची कड उचलली तर खाली पांढरा कागद लागला. गरम पाण्याचा कपडा पाच मिनिटं त्यावर दाबून ठेवला आणि स्टिकर हळूच सोलून काढलं. खाली बेकरीचं मूळ लेबल होतं, थोडं फाटलेलं. साहित्य: गव्हाचे पीठ, साखर, वनस्पती तूप, ज्वारीचे पीठ, दूध पावडर, आणि पुढे दोन-तीन आकडेवाले पदार्थ.

साहित्य वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावं लागतं, जे जास्त ते आधी. म्हणजे ज्वारी कुकीजमध्ये ज्वारी चौथी. साखर दुसरी, आणि वर 'शुगर फ्री'. बेकरीवाल्याने निदान खरं लिहिलं होतं. खोटं वरून चिकटवलेलं होतं. मी पोरीकडे पाहिलं, ती झोपली होती. दर पंधरा दिवसांनी हेच मी तिला बक्षीस म्हणून देत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. राग गिळून आधी एक डबा घेतला, पैसे मोबाइलवरून दिले, बिल घेतल्याशिवाय हलले नाही, आणि बाहेर येऊन सोबतच्या ड्रायव्हरभाऊंना मोबाइल धरायला सांगून स्टिकर सोलतानाचा व्हिडिओ केला. मग आत गेले.

दुकानदार आधी म्हणाला, "आम्ही नाही बनवत, वरून येते." मग म्हणाला, "स्टिकर पोट्ट्यानं लावलं असेल." मग म्हणाला, आणि हे मात्र मी विसरणार नाही, "ताई, थोड्याशा गव्हानं काय होते? आपण सगळे खातोच ना." शेवटी गल्ल्यातून दोन हजार काढून पुढे केले. मी घेतले नाहीत. घेतले असते तर तोंड बंद ठेवायची किंमत झाली असती.

थोड्याशाने काय होतं ते सांगते. आपल्याकडे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे ग्लुटेन फ्री लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मिलिग्रॅम. एवढ्याने फरक पडतो म्हणूनच कायद्यात आकडा घातला आहे, आणि हा माणूस मला सगळ्यात जास्त गहूच असलेला माल विकत होता.

तेव्हापासून मी फळीपुढे उभी राहून डबे वाचते. माझ्यामागे लोक खोळंबतात, खोळंबू देत. बंद पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, बनवणाऱ्याचं किंवा दुसऱ्याचा माल पाकिटात भरणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच आणि तारीख नसेल तर मी ते हातातही घेत नाही. गहू किंवा दूध घातलेलं असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं, ती ओळ बहुतेक यादीच्या खाली बारीक अक्षरात असते. 'नो मैदा' म्हणजे गहू नाही असं नव्हे. मल्टीग्रेन आट्यात पहिला नंबर बहुतेक गव्हाचाच असतो. हिरवा ठिपका पाहून दूध नाही असं समजू नका, दूध शाकाहारीतच धरतात. प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या पदार्थावर व्हीगनचं हिरवं व्ही अक्षराचं चिन्ह असतं, ते २०२२ च्या नियमांत आलं आहे. मात्र त्या चिन्हाने गहू नाही हे सिद्ध होत नाही. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून आणाल तर यादीत पुष्कळदा माल्ट सापडतो, तो जवाचा. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो, म्हणून तयार चिवड्यावर माझा भरवसा उडाला. सातूचं पीठ तर आपल्याकडे गहू घालूनच करतात. एका प्रदर्शनात एक बाई खपली गहू 'ग्लुटेन फ्री' म्हणून विकत होत्या. खपली हा गहूच आहे, ग्लुटेन आहेच. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "पण हा जुना आहे ना." जुना असो की नवा.

कोणी मला टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून पाहायला सांगितलं, निळं झालं तर गहू. तसं काही नसतं. आयोडीन पिष्टामुळे (स्टार्चमुळे) निळं होतं आणि पिष्ट जवारीतही आहे. असल्या घरगुती उपायांनी ग्लुटेन ओळखता येत नाही.

तक्रार मी केली. एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट नावाचं ॲप आहे, त्यावर फोटो, बिल आणि व्हिडिओ टाकला, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात कागदही दिला. दुकानातून नमुना नेला आहे, पुढचं अजून यायचं आहे. तिथेच एक गोष्ट कळली. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकसुद्धा फी भरून पदार्थ तपासून घेऊ शकतो, आणि नमुना कायद्यात न बसणारा निघाला तर फी परत मिळते. अट अशी की घेतानाच दुकानदाराला सांगायचं, हे मी तपासायला नेते आहे. सांगून बघा, अर्धे दुकानदार तिथेच डबा परत फळीवर ठेवतील. आधीचे सगळे डबे मी बिलाविना घेतले होते, त्यांची भरपाई कशी मागणार? ती चूक माझी.

आता खाऊ मी 'हेल्थ'च्या फळीवर शोधत नाही. त्याच दुकानांत, कोपऱ्यात, उपवासाची फळी असते. राजगिरा, साबुदाणा, भगर, शिंगाडा, कशातच गहू चालत नाही, आणि तिथे किंमतही माणसातली. तिथेही बंद पाकीटच घेते आणि यादी वाचते, कारण उपवासाच्या मिठाईत दूध हमखास. राजगिऱ्याच्या साध्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की, खारका. घरी सासूबाई जवारीच्या लाह्या फोडतात, गुळाच्या पाकात वळून लाडू करतात. पाक थोडा कच्चा राहिला तर लाडू हातात फुटतो, आणि पोरं मग चमच्याने खातात. शाळेत वाटायला परवा तेच दिले, वीस लाडू, कागदात बांधून.

टीटीजी उतरायला वेळ लागेल म्हणाले. वजन मात्र मागच्या महिन्यात अर्धा किलो वाढलं. फक्त एक सवय तिला लागली आहे ती जाईल असं वाटत नाही. बाजारातून काही आणलं की आधी ती नखाने स्टिकर काढते. काल सफरचंद आणलं होतं, त्याच्यावरचंही काढून खाली पाहिलं.