टाकी सीलर किट: अस्तर पक्कं, पण भोकं बुजवायचं औषध नाही

जुन्या राजदूत, येझदी किंवा बुलेटच्या गंजक्या टाकीसाठी दोन भागांचं इपॉक्सी सीलर, म्हणजे आत ओतून अस्तर धरवायचं रसायन, हल्ली ऑनलाइन सहज मिळतं. पेटीत सहसा तीन गोष्टी असतात: तेलकटपणा काढायचा क्लीनर, फॉस्फोरिक ॲसिडचं पातळ द्रावण आणि रेझिन-हार्डनरची जोडी. वर "गळती कायमची बंद" असं छापलेलं असतं. ते अर्धंच खरं. सुईच्या टोकाएवढी छिद्रं सीलर भरतं, पण पेचकसाच्या टोकाने पत्रा दबत असेल तर ते काम त्याचं नाही.

टाकी बहुतेकदा खालच्या जोडावरच गळते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. पेट्रोल सोडायच्या कॉकची नळी तळापासून थोडी वर उचललेली असते, म्हणून शेवटचं पाणी कधी बाहेर येतच नाही. त्यात हल्लीच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभ्या ठेवलेल्या गाडीचा जोड आतून खाल्ला जातो तो असा. नेमकी जागा शोधायला बाहेरून चुन्याचा पातळ हात द्या, वाळू द्या, आत थोडं डिझेल घालून ठेवा. जिथे काळसर डाग उमटेल तिथे गळती.

मोठ्या भोकासाठी रेडिएटरवाल्याकडेच जावं. बारीक छिद्राला कथलाची झाळ पुरते, जोड लांबपर्यंत गेला असेल तर पितळेचं ब्रेझिंग. त्याआधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने तीनचार वेळा धुवा आणि झाळायची जागा तेवढी सोडून पाण्याने भरूनच ज्योत लावा. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं नसतं. झाळताना लावलेला फ्लक्स धुतला नाही तर तिथूनच पुन्हा गंज धरतो. ज्योतीने रंग जळणारच, म्हणून रंगकाम सगळ्यात शेवटी.

आता किटची खरी कमजोरी. गंज काढायला दिलेलं ॲसिड १२-१५ लिटरच्या टाकीला पुरत नाही. बाटलीभर द्रावण घालून टाकी कितीही फिरवली तरी वरचा भाग कोरडाच राहतो. त्यापेक्षा नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीतून एक किलो सायट्रिक ॲसिड आणावं (लिंबूसत्व म्हणून मागितलं तरी चालतं), ते १२ लिटर गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरावी आणि रात्रभर ठेवावी. त्याआधी किटचा क्लीनर नीट वापरा, कारण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या टू-स्ट्रोक गाडीच्या टाकीत ऑइलचा थर असतो आणि त्याखालच्या गंजाला ॲसिड शिवतही नाही. पापुद्रे जाड असतील तर मूठभर स्क्रू टाकून हलवा, पण आत किती टाकले ते मोजा. तेवढेच बाहेर आले पाहिजेत. गिट्टी नको, तिची भुकटी जोडात अडकते. संडास धुवायचं ॲसिडही नको. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं.

सायट्रिक ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच किटचं फॉस्फोरिक घाला. मध्ये तासभर गेला तरी पत्रा पुन्हा तांबूस होतो. हे द्रावण आत वाळू देऊ नका, पांढरी भुकटी राहते आणि त्यावर सीलर धरत नाही. शेवटी धुवून ॲसिटोन फिरवा आणि टाकी पूर्ण कोरडी करा. ॲसिटोनची वाफ असताना हेअर ड्रायर लावू नका, ठिणगी पुरेशी आहे.

सीलर ओतण्याची वेळ हा नागपुरात वेगळाच विषय. २५ अंशांना अर्धा तास पातळ राहणारं मिश्रण मे महिन्यातल्या ४४ अंशांत आठदहा मिनिटांत घट्ट व्हायला लागतं आणि अर्धी टाकी फिरवायच्या आत एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतं. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, आणि रेझिन आधी गार जागी ठेवून. रेझिन-हार्डनरचं प्रमाण वजनाने आहे की मापाने, हे पेटीवर नीट वाचा; अंदाजाने ओतलं तर चिकटच राहतं. कॉकच्या भोकात ग्रीस लावलेला बोल्ट बसवा, हवेची बारीक नळी बंद करा. २००-२५० मिली पुरतं. टाकी दर दोन मिनिटांनी कुशीवर वळवत राहा आणि उरलेलं सगळं कॉकच्या भोकातून काढून टाका. सर्वाधिक चुका इथेच होतात. तळाशी साचलेला जाड थर वाळताना तडकतो, मग पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरचा जेट अडकतो.

पेट्रोल भरायला निदान चार दिवस थांबा, सूचनेत २४ तास लिहिले असले तरी. विकत घेताना इथेनॉल चालतं असं पेटीवर स्पष्ट छापलेलंच घ्या. साध्या फायबरग्लास-पॉलिएस्टर रेझिनचं अस्तर या पेट्रोलमध्ये मऊ पडू शकतं. रेझिनला माझ्याकडून पाचपैकी चार गुण, पेटीतल्या ॲसिडला दोन. लाइनमध्ये पारदर्शक फिल्टर बसवा आणि पहिले काही आठवडे त्यात कपचे दिसतात का पाहा. दिसले तर वरून दुसरा हात मारू नका; आधीचं अस्तर पूर्ण काढल्याशिवाय नवं टिकणार नाही.